गाडीखाली न शिरता

माझी शाळा पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे, एका वस्तीवर आहे. भोकरदनहून सकाळी निघायचं, दिवसभर दोन वर्ग एकत्र शिकवायचे आणि ऊन कलताना परत यायचं. या जाण्यायेण्यासाठी यजमानांनी जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली होती. चालवायची मी, पण जीव लावला होता त्यांनी. दर रविवारी बॉनेट उघडून ते काहीतरी पुसत बसायचे. ऑइल बदलायला ते गाडी गॅरेजला देत नसत. फार पूर्वी एका कारागिरानं खालचा बोल्ट इतका आवळला होता की आटेच गेले. तेव्हापासून ते काम घरी, अंगणात, त्यांच्याच हातानं व्हायचं. मी फक्त जुनी चादर अंथरायला द्यायची आणि नंतर ती धुवायची.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालता येऊ लागलं, पण बोलणं बिघडलं ते बिघडलंच. त्यांना सगळं कळायचं, फक्त वस्तूंची नावं सापडायची नाहीत. पाणी हवं असलं की "छत्री" म्हणायचे आणि चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळून मान खाली घालायचे.

त्या सगळ्या महिन्यांत गाडीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी उठायचे, त्यांना अंघोळ घालायचे, डबे करायचे, हाताचे व्यायाम घ्यायचे आणि निघायचे. परत आले की पुन्हा व्यायाम, स्वयंपाक, वह्या. गाडीला किल्ली लावली की ती सुरू व्हायची, यापलीकडे मला तिच्याकडून काही नको होतं.

एके दिवशी धावड्याच्या रस्त्यानं एका बैठकीला जाताना इंजिनचा आवाज बदलला. आधी वाटलं, रस्ताच खराब आहे. घरी येऊन बॉनेट उघडलं. बॉनेटचा खटका कुठं असतो हेसुद्धा शोधावं लागलं. ऑइल मोजायची पट्टी पुसताना त्यांना पाहिलं होतं, तशीच मी काढून पुसली, पुन्हा घातली आणि काढली. अगदी टोकाला काळं काहीतरी लागलं होतं, तव्याच्या बुडासारखं.

मी आत येऊन म्हणाले, उद्या शाळेतून येताना गाडी गॅरेजला टाकते. त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला.

"घरी," ते म्हणाले.

कितीतरी दिवसांनी हवा तो शब्द त्यांच्या तोंडून नेमका आला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. "घरी म्हणजे मी," मी म्हणाले. "आता घरी कोण करणार? मीच ना?"

ते खिडकीकडे बघत राहिले. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली, पण शब्द मागे घ्यायचंही त्राण नव्हतं. येणाऱ्या रविवारी बघू, एवढंच म्हणाले आणि कणीक मळायला घेतली.

रविवारी सकाळी मी जुना पंजाबी ड्रेस घातला. ते अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. मागच्या चाकांना मी विटा लावल्या, पुढून जॅकनं गाडी उचलली, चादर टाकली आणि पाना घेऊन पाठीवर सरकत खाली गेले. खालून गाडी ही वेगळीच गोष्ट असते. सगळं चिखलानं माखलेलं, सगळे बोल्ट सारखेच. ते बाहेरून सांगू बघत होते. "दार... दार..." म्हणत होते. कोणतं दार, हे मी दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडलं. जो बोल्ट वाटला त्याला पाना लावून ओढला. पाना सटकला आणि बोटांची सालटं निघाली. दुसऱ्यांदा सगळा जोर लावला तेव्हा बोल्ट हलला नाही, गाडी हलली. जॅकवर ती अशी किंचित डोलली.

कशी बाहेर आले ते आठवत नाही. चाकाला पाठ टेकवून बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती झोप. ऊन अंगावर येत होतं, हात ठणकत होता आणि मला तिथंच, त्या विटांशेजारी, आडवं व्हावंसं वाटत होतं.

तेवढ्यात दूध घालणारे मामा आले. केदारखेड्याचे. त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, वर्षातले आठ महिने ते कळपामागं फिरायचे. आता मामांकडे थोडी शेती, चार म्हशी आणि एक जुना ट्रॅक्टर. मोटारसायकलला कॅन लावून ते रोज आमच्या गल्लीत यायचे. त्यांनी आधी जॅककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्याडम, काय करून राह्यल्या तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी कॅन खाली ठेवला, जॅक फिरवून गाडी जमिनीवर टेकवली आणि मग शांतपणे मला समजावलं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नसतं, खाली पक्का लोखंडी घोडा लावावा लागतो, त्यांच्या गावात एक जण असाच दबून कायमचा लंगडा झाला. आणि माझ्या वयाला, माझ्या कमरेला खाली शिरायची गरजही नाही. त्यांच्याकडे ऑइल ओढायचा हातपंप होता. ट्रॅक्टरखाली वाकणं जमेनासं झालं तेव्हा त्यांनी तो आणला होता. मोजपट्टीच्या नळीतून बारीक पाइप आत सोडायचा आणि जुनं ऑइल वरूनच ओढून घ्यायचं.

ते ऐकून यजमानांनी जोरात मान हलवली. "खाली," ते म्हणाले. "खाली... खाली." त्यांचं म्हणणं मला कळलं. वरून ओढलं तर बुडाचा गाळ तसाच राहतो, असं ते पूर्वी इतरांना ऐकवायचे.

मामा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "साहेब, विहिरीचं पाणी आपण तळाला भोक पाडून काढतो का? वरतूनच शेंदतो ना," ते म्हणाले. मग थोडं थांबून हळूच म्हणाले, "थोडं खाली राहीन, बराबर हाय तुमचं. पण म्याडम खाली राह्यल्या, मंग?"

यजमान डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं उलगडत बसले, व्यायामात करायचे तशी.

पंप पुढच्या रविवारी येणार होता. तोवर गाडी कोरडी चालवू नका, वरून थोडं नवं ऑइल टाका, असं बजावून मामा गेले. तो आठवडा मी पट्टी रोज बघितली. एरवी जी गोष्ट माझ्या डोक्यात नव्हती, ती आता आणखी एक काम म्हणून माझ्या सकाळच्या वेळात येऊन बसली.

रविवारी मामांनी सांगितल्याप्रमाणे आधी गाडी सपाट जागेवर लावून पाच मिनिटं चालू ठेवली. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि लवकर येतं. मग इंजिन बंद केलं, पट्टी काढली आणि पाइप आत सोडला. तो तळाला टेकला की बोटाला कळतं. पंपाचा दांडा मी वरखाली करू लागले. सुरुवातीला नुसती हवा आली. मग पाइप काळा झाला आणि डब्यात धार पडायला लागली. मामा म्हणाले, पाइप कोणीतरी धरायला हवा, मधून मधून थोडा फिरवायला हवा.

यजमान काठी टेकत उठले. कोणी बोलावलं नव्हतं. बॉनेटला कंबर टेकवून उभे राहिले आणि डाव्या हातानं पाइप धरला. धार तुटली की ते पाइप जरासा वर घेत, वळवत आणि पुन्हा टेकवत. धार परत सुरू व्हायची.

फिल्टर आमच्या गाडीत पुढच्या बाजूनं हाताला लागतो. मामांनी हात घातला तर यजमानांनी त्यांना बाजूला केलं. डावा हात आत गेला, न बघता. फिल्टर सोडवायचा पट्टा अडकवून मी पहिला पीळ सैल करून दिला, पुढं तो त्यांनी एकट्यानं फिरवून काढला. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला त्यांनी बोटानं ताजं ऑइल लावलं. हे करायचं असतं हे मामांनाही ठाऊक होतं, मला नव्हतं. इतकी वर्षं मी फक्त चादर धुतली होती. फिल्टर बसवताना त्यांनी पाना लावू दिला नाही. हातानंच, बसेल तेवढाच.

किती ऑइल निघालं ते डब्यावर पाहिलं. आठवडाभर थोडं थोडं टाकूनही पट्टीवर ऑइल खालच्या खुणेच्या वर गेलं नव्हतं, म्हणून त्याहून थोडं जास्त, पण बेतानं, थांबून थांबून ओतलं. गाडी दोन मिनिटं चालू ठेवून बंद केली, थांबलो, पट्टी पाहिली. मधाच्या रंगाचं ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं.

मामा चहा पिऊन गेले. यजमान खुर्चीत बसले ते बसल्याबसल्याच झोपले, हात तेलकट तसेच. मी ते घासलेटनं पुसले तरी जागे झाले नाहीत. त्या दिवशीचे व्यायाम राहिले. मीही आत जाऊन पडले, दुपारचं जेवण कोणीच केलं नाही.

यानं काही बदललं असं म्हणता येणार नाही. शब्द परत आले नाहीत. दोन दिवस तर ते माझ्याकडे नीट बघतही नव्हते. बहुधा त्यांना त्या उभं राहण्याचा त्रास झाला होता, किंवा दुसऱ्याच्या पद्धतीनं आपलं काम झालं याचा. डॉक्टरांनी उजव्या हाताबद्दल जे सांगितलं होतं, ते तसंच राहिलं.

आता मीही तसाच एक पंप आणला आहे. शाळेतल्या बाई विचारतात, घरी कसं काय करता, तेव्हा मी सांगते की अवघड काही नाही, गाडीखाली जायचं नाही, इंजिन कोमट करायचं आणि वरून ओढायचं. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात नेऊन टाकते, नालीत ओतत नाही. मागच्या वेळी त्यांनी बाहेर यायला नकार दिला. मी एकटीनंच दांडा वरखाली केला, एकटीनंच पाइप फिरवला, त्यामुळे वेळ दुप्पट लागला. फिल्टर तेवढा निघेना. मी आत जाऊन दारात उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी काठी घेतली.