पाहुणा, बग आणि बाळाचन

मजेशीर किश्शांना आमच्या टीममध्ये तोटा नाही. पूर्वी ते कँटीनमध्ये जमायचे. हल्ली सगळे घरून मीटिंगला बसतो, त्यामुळे किस्से पुरवायचं काम नोट्स घेणाऱ्या एआय बॉटने अंगावर घेतलंय!

बॉट क्लायंटने लावलेला. पहिल्याच दिवशी आमचे मॅनेजर मोघे सर म्हणाले, "हे न बोलता ऐकत बसलेले गृहस्थ कोण?"

"बॉट आहे, सर. ऐकतो आणि शेवटी सगळ्यांना मेल करतो."

"अच्छा, म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी!"

तेव्हापासून त्याचं नाव 'पाहुणा'.

एकदा वारज्याला माझ्या घरात कुकरची शिट्टी झाली. नोट्समध्ये आलं, 'टीमकडून जोरदार प्रतिसाद.' क्लायंट खूश!

सरांचा लाडका शब्द 'बघू'. सुट्टी? बघू. बढती? बघू. पाहुण्याला ऐकू यायचं 'बग', म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक! टेस्टिंगवाला बिचारा दिवसभर ते बग शोधत बसला. विश्रांतवाडीच्या आमच्या प्रज्ञाने विचारलं, "सर, टीम लीडसाठी माझा विचार कराल ना?" सर म्हणाले, "बघू." तेही नोंदलं गेलं : 'बग – प्रज्ञा.'

त्याच प्रज्ञाचा एकदा घाबऱ्या आवाजात फोन. "अगं, मेले मी!"

झालं होतं असं : ती मीटिंगला लवकर आली, आत फक्त पाहुणा. तेवढ्यात आईचा फोन आला आणि माइक चालूच राहिला! "आई, बाळाचं ऑफिसात कुणाला कळू देऊ नकोस. आधी लीडचं ठरू दे." आता हे सगळं सरांना, क्लायंटला मेलने जाणार. दिवस गेलेत म्हटल्यावर लीड दुसऱ्याला देतील, ही तिची धास्ती. आमच्याकडे तसं एकदा झालंही होतं. मेल येईपर्यंत मीही दर मिनिटाला इनबॉक्स उघडून बघत होते.

मेल आला. 'प्रज्ञा : लीडचं ठरेपर्यंत बाळाचन यांना कळवू नये.'

हुश्श! दोघी फोनवर रडेपर्यंत हसलो.

क्लायंटने लगेच विचारलं, "हे मिस्टर बाळाचन कोण?" सरांनी उत्तर धाडलं, "नवीन आहेत. कळवू नये म्हटलंय, तर नका कळवू."

पुढच्या आठवड्यात सरांनी टीमची मीटिंग लावली. पाहुणा नेहमीसारखा आधीच हजर.

"आधी यांना बाहेर काढा," सर म्हणाले. काढलं.

"प्रज्ञा, आजपासून तू लीड. क्लायंटशी बोललोय, आता बदल नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि हो, बाळाचनना आता कळवायला हरकत नाही."