दुसरीतून चौथीत

सूर्यभान घोलपकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते पुस्तकांच्या कपाटाशी. राहुरीजवळच्या आमच्या शाळेत तो नुकताच गणित शिकवायला आला होता. त्याच्या वर्गाला लागणारा बीजगणिताचा दुसरा भाग मी त्याच्या हातात ठेवला.

"पहिलाही द्या, सर. तो वाचल्याशिवाय दुसरा उघडवत नाही," तो म्हणाला. मला पोरगा आवडला.

त्र्याहत्तर साली पुण्यातल्या एका संस्थेने गणिताच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग जाहीर केला. कॉम्प्युटरला काम सांगायची फोरट्रान नावाची भाषा तिथे शिकवणार होते. तिच्या दोन आवृत्त्या होत्या, दोन आणि चार. कोणती हवी ते आधी कळवायचं होतं.

"चार घ्या, नवी आहे," मुख्याध्यापक आप्पासाहेब म्हणाले.

"दुसरीत न बसता चौथीत कसं बसायचं, सर? पहिली शिकवत नाहीत, याचंच वाईट वाटतंय."

आम्ही सगळे मास्तर. आम्हाला ते पटलं. त्याने दोन कळवलं, जुनं पुस्तक मिळवलं आणि घोकून काढलं. कॉम्प्युटर कुणीच पाहिला नव्हता, म्हणून मधल्या सुट्टीत फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचा.

निघताना गावाने सत्कार केला. फेटा बांधून झाल्यावर शाळेची घंटा देणाऱ्या झुंबरबाई म्हणाल्या, "मास्तर, त्या यंत्राला मराठी न्हाई व्हय येत?"

"न्हाई मावशी, म्हणून तर मी चाललोय!" सगळे हसले. तोही हसला.

मे महिन्यात, वर्ग चालू असायला हवा होता तेव्हा, तो मला भिंगारच्या बाजारात भाजीची पिशवी घेऊन दिसला. त्याची बहीण कडूबाई तिथे राहायची. मला पाहून त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तशीच हकिकत सांगितली. पुण्याचं जुनं यंत्र गेलं होतं आणि दोन मागणारा तो एकटाच, म्हणून त्याला चारच्या वर्गात बसवलं. वर्गमूळ काढायचा प्रोग्रॅम त्याने पाठ केल्याप्रमाणे लिहिला आणि नव्या यंत्राने तो नाकारला.

"मी म्हणालो, पण मी दुसरी पुरी करून आलोय. तर शिकवणारे म्हणाले, अहो, आवृत्ती म्हणजे इयत्ता नव्हे. थेट चार शिकता येते, फरक थोडाच आहे. मागून कुणीतरी ओरडलं, दुसरी पास, चौथीत नापास! सगळा वर्ग हसला, सर. दुपारी मी ट्रंक उचलली."

"फरक थोडाच होता ना?"

"थोडाच. तेच तर. शिकता आलं असतं." मग म्हणाला, "गावात सांगू नका. मीच सांगेन."

जूनमध्ये शाळा उघडली तोवर त्याने काही सांगितलं नव्हतं. मैदानात त्याच्या सत्कारासाठी पुन्हा सतरंजी अंथरली होती, लोक जमले होते. आप्पासाहेब फेटा बांधू लागले. दोन वेढे झाले असतील, सूर्यभानने त्यांचा हात धरला.

"मी शिकून आलो नाही. वर्गातले हसले म्हणून पळून आलो. महिनाभर बहिणीकडं लपलो."

झुंबरबाईंचाच आवाज आला, "मग सोडा की तो फेटा, मास्तर. उकडतंय लई."

लोक हसले. या वेळी तो जागचा हलला नाही. फेटा त्याने स्वतःच सोडला, नीट घडी घातली आणि आप्पासाहेबांच्या हातात दिली. कान लाललाल झाले होते.

सूर्यभान आता राहात्याला मुलीकडे असतो. सत्कारांना बोलावलं की जातो, पण फेटा बांधून घेत नाही.