मारायच्या बाटलीतला पतंग

नाव कळावं म्हणून जीव घ्यावाच लागतो का? परवा बहिणीने नेलपॉलिश पुसायची बाटली उघडली आणि त्या वासाने मला पोंभुर्ण्याच्या जंगलातलं कॉलेजचं शिबिर आठवलं. सरांच्या किडे मारायच्या बाटलीला असाच वास होता. आत नखाएवढा राखाडी पतंग काचेवर आपटत होता, पंखांची सोनेरी कड भुकटी होऊन झडत होती.

"सर, सोडा ना त्याले," माझी मैत्रीण फरिदा म्हणाली.

"पोट फाडल्याबिगर कोणता हाय ते कळत नाई, बाई."

"त्या डब्यात असेच किती टाचणीनं टोचून ठेवले तुमी. त्यायचं नाव कळलं का?"

"नाई," म्हणत सर हसले आणि त्यांनी नवी टाचणी उचलली.

तेव्हा मला ते शास्त्र वाटलं होतं. आज ती निव्वळ कत्तल वाटते. तुमच्या दिव्यापाशी अनोळखी पतंग आला तर फोटो काढा, खाली 'नाव माहीत नाही' असं लिहा आणि त्याला उडू द्या.