सुगंधा झोपली आहे

दत्ताराम परब मरोळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. ड्यूटी आठची, पण त्याचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. त्याच्या बायकोच्या, सुगंधाच्या, बोटांचे सांधे सकाळी पार आखडलेले असायचे. टोपात कोमट पाणी घेऊन तो तिचे हात त्यात धरून ठेवायचा, मग वेणी घालायचा, गाऊनची बटणं लावायचा. आमवाताच्या गोळ्या एका डबीत, मनाच्या आजाराच्या दुसऱ्या. दुपारी शेजारच्या मानसीवहिनी किल्लीने दार उघडून तिला जेवायला वाढायच्या. बारा वर्षं हे चाललं होतं. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. ते कानावर आलं की तो झपझप जिना उतरायचा.

आजारापूर्वी सुगंधा अंधेरीतल्या एका बालवाडीत शिकवायची. संघमित्रा तिथलीच दुसरी बाई, तिची जिवाची मैत्रीण. सुगंधाची नोकरी सुटल्यावरही ती दर रविवारी यायची. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी तिने बालवाडीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो दाखवायला आणले. ती गेली आणि सुगंधा तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवण नको, गोळ्या नको. डॉक्टर म्हणाले, तिला जपा, ताण देऊ नका. दत्तारामने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. पुढच्या रविवारी त्याने संघमित्राला दारातच सांगितलं, सुगंधा झोपली आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग ती फोन करू लागली. सुगंधाला मोबाईल धरता येत नसे, म्हणून तो त्याच्याकडेच असायचा. बरी आहे, आत्ताच डोळा लागलाय, एवढं बोलून तो ठेवून द्यायचा. हळूहळू फोन थांबले. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं.

संघमित्रा का येत नाही, असं सुगंधाने दोन-चारदा विचारलं. लोकांना आपापले संसार असतात, असं तो म्हणाला. मग तिने विचारणं सोडलं.

यंदा फेब्रुवारीत हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. तुम्हाला कुणाशी बोलावंसं वाटतं, असं त्यांनी सुगंधाला विचारलं. सवयीने दत्ताराम उत्तर द्यायला गेला, तर बाईंनी हातानेच त्याला थांबवलं.

"होती एक मैत्रीण," सुगंधा म्हणाली. "पण मी अशी झाले आणि तिला माझा कंटाळा आला. कुणालाही येईल."

घरी आल्यावर तिच्या पायातले मोजे काढता काढता त्याने सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही.

"सहा वर्षं मी स्वतःलाच दोष दिला," ती म्हणाली. "मला विचारायचं तरी."

पुढचा आठवडाभर तिने त्याला वेणीला हात लावू दिला नाही. मानसीवहिनी घालून जायच्या.

संघमित्राचा जुना नंबर लागत नव्हता, म्हणून बालवाडीत जाऊन त्याने नवा मिळवला. ती आता नागपूरला मुलीकडे राहत होती. त्याने माफी मागितली. ती म्हणाली, "मला वाटलं, तिलाच मी नकोशी झाले. द्या तिला."

त्याने फोन स्पीकरवर लावून सुगंधाच्या उशाशी ठेवला. दोघी नागपूरच्या उन्हाबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या. संघमित्राचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, ते सुगंधाला तेव्हा कळलं. त्यानंतर काय बोलावं ते दोघींनाही सुचेना. पाच मिनिटांत फोन संपला.

आता महिन्यातून एखाददुसरा फोन येतो. वेणीही पुन्हा तोच घालतो. पण पूर्वी वेणी घालून घेताना ती स्वप्नात काय पाहिलं ते सांगायची, ते आता सांगत नाही. फोन वाजला की तो उशाशी ठेवून गॅलरीत जातो, दार ओढून घेतो आणि आतला आवाज थांबेपर्यंत कुंड्यांतली वाळकी पानं वेचत राहतो.