पंख्याखालची जागा

कोरोनात अमरावतीचं वसतिगृह रिकामं केलं तेव्हा आम्ही एकाच गावचे तिघे परतलो. जानेफळजवळच्या आमच्या गावाने आम्हाला घरी जाऊच दिलं नाही. थेट जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. सकाळी उठलो की आम्ही कांदा फोडून हुंगायचो. एखाद्याला सांगायला क्षणभर उशीर झाला की बाकी दोघांची तोंडं उतरायची.

"आला का बे वास?"

"आला. पण तुह्या मोज्याचा."

मरणाची एवढी धास्ती आणि एवढं हसू मी पुन्हा एका खोलीत पाहिलं नाही.

खोलीत पंखा एकच. त्याखालची जागा उंच मित्राने पहिल्याच दिवशी धरली होती. ती मिळवायला मी रोज घासाघीस करायचो आणि रोज हरायचो. माझे वडील आठवडी बाजारात भाजी विकायचे. ते म्हणायचे, गिऱ्हाईक पहिल्याच भावाला हो म्हणालं, तर काहीतरी गडबड आहे असं समजावं.

ते रोज फाटकाशी डबा ठेवून रस्त्यापलीकडून बोलत. मग त्यांना ताप आला. तालुक्याच्या दवाखान्यात भरती केलं आणि डबा काका आणू लागले. दुपारी मात्र वडिलांचा फोन यायचा. "जेवला का रे?" तेवढ्यानेही त्यांना धाप लागायची.

एके सकाळी उंच मित्र म्हणाला, "तुहा मोबाईल दे न संध्याकायलोक. माह्यावाला नेट संपला, क्लास आहे."

"पंख्याखालची जागा देशीन?"

"घे."

"बाबाचा फोन आला तर आणून देशीन?"

"हाव, देतो न."

मी लगेच गादी सरकवली. दुपारी अंगणात फळीने क्रिकेट खेळलो. दोघेही मला सोपे चेंडू टाकत होते. आउट झालो तरी पुन्हा खेळू देत होते. पोट दुखेपर्यंत हसलो मी.

संध्याकाळी काका फाटकाशी आले. हातात डबा नव्हता आणि केस ओले होते. आमच्याकडे माणूस असा स्मशानातूनच येतो.

"गेला रे तुहा बाप," ते म्हणाले. "सकायीच. तिकडंच उरकलं सारं."

काकांनी सकाळी आधी उंच मित्राला फोन केला होता. मला सांगू नका, माझा मोबाईल काढून घ्या, असं त्यांनीच बजावलं होतं. मी मित्राच्या कानाखाली मारली. त्याने हात उचलला नाही.

"तू भित्तावरून उडी मारून गेला असता बे. तुलेही झालं असतं मंग?"

गेलोच असतो. जवळ जाऊ दिलं नसतं, तर रस्त्याच्या टोकाला उभा राहिलो असतो. पण आपण कुठे उभं राहायचं, हे माझं मी ठरवलं असतं.

आज मेहकरला माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. कोणाच्या मदतीशिवाय उभं केलेलं. भाव करण्यात मला हरवणारा सहसा भेटत नाही. गेल्या हंगामात तो उंच मित्र पाइप घ्यायला आला. मी मुद्दाम अव्वाच्या सव्वा भाव सांगितला. त्याने मुकाट्याने खिशात हात घातला आणि माझं डोकं फिरलं.

"भाव कर."

"काऊन? देतो न तू म्हणशील तेवढे."

"तसा माल भेटत नाही माह्याकडं. भाव कर बे."

त्याने रिकामा हात खिशातून बाहेर काढला. मग त्याने इतका कमी भाव सांगितला की मी खरोखरच चिडलो. तोही अडून बसला. शेवटी जमलं.

गाडीवर पाइप चढवताना त्याने विचारलं, "तुही माय कशी आहे?"

दोरी तेवढी मी आवळून बांधली.