खडूच्या रेघेवर

शेजारच्या कुसुमकाकूंनी लेकीच्या साखरपुड्याचं ब्लाउजपीस दिलंय आणि त्या समोरच बसल्या आहेत. खिडकीतल्या उन्हात त्याची जर चमकतेय. खडूची रेघ मारून झाली आहे, कात्री उघडलेली आहे, आणि माझा हात पुढे जात नाही.

मला कामावरून कमी केलं, तेव्हा मी शिवणक्लास लावला. ऑफिसात चुकलं तर एक बटण दाबून मागे जाता यायचं. कापडाला ती सोय नाही. शिवणक्लासच्या बाई सांगायच्या, शिवणीच्या आत थोडं कापड जास्त सोडावं, पुढेमागे उसवून सैल करता येतं. भीतीपोटी मी इतकं सोडलंय की ब्लाउज काकूंनाही होईल. आयुष्य मात्र त्या एका नोकरीच्या मापाने कापलं होतं, आत काहीच न सोडता.

"काय गं, थांबलीस का?" काकू विचारतात.

"भीती वाटते, काकू."

"वाटू दे. हात चालव."

मी रेघ पुसून थोडी आत मारते आणि कात्री चालवते. कापड दुभंगत जातं. ऑफिसात भीती कधी वाटली नाही, उठून जावंसं मात्र रोज वाटायचं. आत्ता छाती धडधडतेय, आणि उठावंसं वाटत नाही.