पंचाचं गाव

काळूराम थळे यांच्या मिनिडोरमध्ये, म्हणजे सहा आसनी रिक्षात, कोणी कुठे बसायचं ते काळूराम ठरवतात आणि त्यावर वाद चालत नाही. पंचायतीतल्या एका सदस्याचा जावई एकदा पुढच्या जागेवर ऐटीत येऊन बसला. काळूरामांनी त्याला मागे जायला सांगितलं.

"अहो, पाहुणा आहे तो," कोणीतरी म्हणालं.

"पाहुणा हाय, पण पाय धड हायत," काळूराम म्हणाले, आणि मला हात देऊन पुढे बसवलं.

माझे पती गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, दर मंगळवारी मी त्यांच्या गाडीने किहीमहून अलिबागला जाते. बँक, दवाखाना, वाचनालय अशी माझी कामं असतात. जाता-येता जे बोलणं होतं ते त्याच संध्याकाळी रोजनिशीत उतरवून ठेवते, म्हणून पुढची वाक्यं मला आठवणीतून जुळवावी लागलेली नाहीत.

काळूरामांचं वय छप्पन्न. वडील मिठागरात राबले. काळूराम स्वतः कबड्डी खेळले, चांगले खेळले, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघा गेल्यावर पंचांच्या परीक्षेला बसले. तेव्हापासून जिल्ह्यात असं एक मैदान नसेल जिथे त्यांनी शिट्टी वाजवली नाही. सामन्याच्या दिवशी ते यजमान गावात चहादेखील घेत नाहीत. सगळ्यांच्या आधी जाऊन स्वतःच्या टेपने रेषा मोजतात. एकदा एका गावाने चुन्याच्या फक्कीची मधली रेषा वीतभर सरकवून मारली होती. काळूरामांनी कोणाला बोल लावला नाही, फक्त म्हणाले, "फक्की सांडलेली दिसते," आणि खराटा मागून रेषा पुसून नव्याने मारायला लावली.

त्यांचा निकाल म्हणजे निकाल, असं सगळे म्हणत. शिव्याही देत, पण त्या चालरीत म्हणून.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत माझी नात प्राप्ती अमेरिकेहून फोनवर फार चिडून बोलली. तिला तिकडच्या बास्केटबॉलचं वेड आहे. तिचा संघ हरला होता आणि तिच्या मते पंचांनी हरवला होता. "आजी, सगळं ठरलेलं असतं. मोठ्या खेळाडूला धक्का लागला की शिट्टी, आमच्याला लागला की कोणी बघत नाही." मी ते मंगळवारी गाडीत सांगितलं. लगेच दोन तट पडले. मागे बसलेला एक मुलगा म्हणाला की टीव्हीवरची आपली कबड्डीसुद्धा तशीच, पंच आधीच विकत घेतलेले. एक मासळीवाली म्हणाली, "तू हारलास की पंच इकलेला, जिकलास की देव पावला."

वाटेतलं चोंढी गाव मागे पडल्यावर काळूरामांनी मला विचारलं, "काकी, तिकडं पंच कुठल्या गावचा ते लोकांना ठाऊक असतं?"

मी प्राप्तीला विचारून पुढच्या मंगळवारी उत्तर दिलं. पंचाच्या पाठीवर नुसता आकडा असतो, त्याचं गाव कोणी विचारत नाही.

"मग त्यांचं सोपं हाय," काळूराम म्हणाले. "आमच्या पाठीवर गाव लिवलेला असतो. दिसत न्हाय, पण सगळे वाचतात."

त्यानंतर महिन्याभरातच, अठरा फेब्रुवारीला, रविवारी दुपारी, आमच्या वाडीच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. आमचा संघ आणि वेळखार गावचा संघ. काळूराम आमच्याच वाडीचे, म्हणून आमच्या संघाच्या सामन्याला ते कधीच उभे राहत नसत. पण उपांत्य सामन्यात दुसऱ्या पंचांचा पाय मुरगळला. आता कोण, असा प्रश्न आला तेव्हा वेळखारचा कर्णधार दादू स्वतः पुढे येऊन म्हणाला, "काळूकाका उभे राहू दे. आमची हरकत न्हाय."

"माझा पुतण्या खेळतोय तुझ्यासमोर," काळूराम म्हणाले.

"ठाऊक हाय. तुमी हाव म्हणून तर बोलतोय."

पुतण्याचं नाव प्रज्योत. वय तेव्हा बावीस. चढाईला गेला की सापडायचा नाही. त्या दिवशी एका व्यावसायिक संघासाठी मुलं निवडणारा माणूस मुद्दाम त्याला बघायला आला होता, आणि हे अख्ख्या वाडीला माहीत होतं.

मी सुरूच्या झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते, मधल्या रेषेपासून वीस पावलांवर. शेवटच्या चढाईला वेळखार सत्तावीस, आम्ही सव्वीस. प्रज्योत गेला, त्याने एकाला शिवलं आणि तिघांनी त्याला पकडला. तो तोंडाने 'कबड्डी कबड्डी' म्हणत फरफटत मधल्या रेषेकडे आला. दम तुटायच्या आत बोट रेषेला लागलं तर सामना आमचा, आधी दम तुटला तर वेळखारचा. रेषेच्या टोकाशी काळूराम वाकून उभे होते. तेवढ्यात वेळखारच्या लोकांतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "काकाच हाय, देणार."

प्रज्योतचा हात लांबला, आवाज थांबला, शिट्टी वाजली. काळूरामांनी प्रज्योत बाद असल्याची खूण केली.

पुढचा अर्धा तास मी लिहीत नाही. खुर्च्या मोडल्या. निवडीसाठी आलेला माणूस गडबड सुरू होताच गाडीत बसून गेला.

चार दिवसांत वाडीत एकच बोलणं होतं, की वेळखारवाल्यांनी काळूरामला घेतला. बायका म्हणत होत्या, भावाभावांत जमिनीवरून भांडण आहे ना, त्याचा सूड उगवला. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता देवळासमोर गावकी बसली. काळूरामांच्या पत्नी कमळ यांनी मला बोलावून नेलं. त्यांना एकटं जाववत नव्हतं.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्यावर आळ आला त्याने देवीपुढच्या नारळावर हात ठेवून सांगायचं, मी हे केलेलं नाही. हात ठेवला की विषय संपतो, मग कोणी पुन्हा तोंडातून शब्द काढत नाही. ज्याने हात ठेवला नाही त्याने केलं, असं धरतात. गावकीचे प्रमुख बाबाजी सत्तरीचे आहेत आणि मनाने वाईट नाहीत. त्यांना हे लवकर मिटवायचं होतं.

"काळूराम, ये. हात ठेव आणि बोल, वेळखारकडून मी काय घेतलं न्हाय. मग घरी जाऊन जेव."

काळूराम पुढे गेले. नारळाजवळ उभे राहिले. हात काही पुढे झाला नाही.

"बाबाजी, तुमचा प्रश्न चुकलाय," ते म्हणाले.

"कसला प्रश्न चुकलाय?"

"मी काय घेतलं न्हाय, ते खरं हाय. पण तुमी इचारायला पायजे, निकाल सरळ दिलास का. त्याच्यावर मी हात ठेवू शकत न्हाय. बोट लागलं होतं. आवाज त्याच्यानंतर तुटला. मना दिसलं. फक्कीत त्याच्या बोटांची रेघ होती, तीवरून मी चालत गेलो."

बाबाजींनी विचारलं, "मग बाद कशाला दिलास?"

"मागून कोण बोलला, काकाच हाय, देणार. माझा हात वर जायला निघाला होता. त्याच्या बोलण्याने तो उलटा गेला. लोक काय म्हणतील ते मी बघितलं, रेषा न्हाय बघितली."

"ते ऱ्हाऊ दे बाजूला," बाबाजी जवळजवळ विनवत म्हणाले. "पैशाचं तेवढं बोल नारळावर. बाकीचं आमी बघून घेतो."

"अर्ध्यावर हात ठेवला तर उद्या तुमीच बोलाल, काळूराम साफ हाय. मी साफ न्हाय."

आणि हात न ठेवता ते माघारी फिरले. प्रज्योत खांबाला टेकून उभा होता. त्याच्या समोरून जाताना काळूराम थांबले, पण त्याने मान वळवली.

जे लोक देवळासमोर बसले होते त्यांनी हे सगळं आपल्या कानांनी ऐकलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात एवढंच पोहोचलं, की काळूरामने नारळाला हात लावला नाही. म्हणजे पैसे घेतले. मी चौघा-पाच जणांना समजावून पाहिलं. "बाई, हात ठेवला का त्याने? न्हाय ना?" एवढंच उत्तर मिळायचं. पैसे खाणारा माणूस लोकांना पटकन कळतो. पैसे न खाता, भीतीने, स्वतःच्या माणसाविरुद्ध जाणारा कळायला वेळ लागतो. मलाही लागला. प्राप्तीला मी पत्रात लिहिलं, की तुमचे पंच विकले जातात की नाही ते मला माहीत नाही, पण न विकलेला पंचही वाकडा जाऊ शकतो, आणि ते त्याच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. सांगणारा मी एकच पाहिला आहे.

काळूरामांनी जिल्ह्याच्या संघटनेला स्वतः पत्र लिहिलं. मराठी शुद्ध करून द्यायला माझ्याकडे आणलं होतं. त्यात शुद्ध करण्यासारखं थोडंच होतं. निकाल चुकीचा होता, चूक नजरेची नव्हती, मला पुढची नेमणूक देण्याआधी विचार करावा, एवढ्या तीन ओळी. संघटनेने त्यांना एक हंगाम बाजूला बसवलं.

मिनिडोर रिकामी जाऊ लागली. कित्येक मंगळवारी आम्ही दोघंच. मला वाटायचं, हा माणूस गाडी सोडून देईल. त्यांना गाडीचं काही वाटत नव्हतं. "गाडीत माणसं येतील. ऊन चढलं की कोण चालत जात न्हाय," ते म्हणाले. "माझं भ्या येगळं हाय. पुन्यांदा मैदानात उभा राहिलो आणि मागून कोण बोलला, तर माझा हात कुठं जाईल, ते मना ठाऊक न्हाय."

प्रज्योत दोन महिने बोलला नाही. एप्रिलमध्ये एका सकाळी तो गाडीजवळ आला, मी पुढे बसले होते याची पर्वा न करता म्हणाला, "पैसं घेतलं असतंस तर मना कमी लागलं असतं. मी तुझा हाय, म्हणून तू मना मारलंस."

"व्हय," काळूराम म्हणाले.

त्या संपूर्ण हंगामात ते दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात शाळकरी मुलांच्या सामन्यांना बिनशिट्टीचे उभे राहत. निकाल द्यायचा अधिकार नसे. रेषेशी वाकून ते मनातल्या मनात निकाल ठरवत आणि मग खऱ्या पंचाचा हात बघत. एकदा त्यांच्याबरोबर मीही गेले होते. मुलांचे आईबाप काय वाटेल ते ओरडत होते. "हे बरं हाय," काळूराम म्हणाले. "औषधासारखं."

यंदाच्या जानेवारीत दादू त्यांच्या दारात आला. वेळखारची स्पर्धा होती, पहिल्याच दिवशी वेळखार आणि आमची वाडी समोरासमोर आली होती. संघटना काळूरामांची नेमणूक करायला तयार होती, दोन्ही संघांची संमती असेल तर.

"तुमच्यामुळे आमचा चषक अर्धा झालाय," दादू म्हणाला. "ज्याला त्याला सांगावं लागतं, व्हय बाबा, बोट लागलं होतं. आता उभे ऱ्हावा. काय तो खरा निकाल होऊ दे."

आमच्याकडून संमती द्यायला बाबाजी कुरकुरत होते. "तो आमच्यावर उलटा जातो," ते म्हणाले. शेवटी प्रज्योत म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्याला उभा. मना बघायचंय." आता तो संघाचा कर्णधार होता.

सामना सकाळी दहाला सुरू झाला. वेळखारच्या मैदानात आमची माणसं मोजकी होती. कमळ आल्या नव्हत्या. पहिल्या डावात काही विशेष घडलं नाही. दुसऱ्या डावात आम्ही चार गुणांनी मागे असताना प्रज्योत चढाईला गेला. समोर सहा जण होते. अशा वेळी चढाई करणाऱ्याने एक पाय उचलून दुसरं पाऊल बोनस रेषेपलीकडे टेकवलं, की त्याला कोणाला न शिवताही एक गुण मिळतो. प्रज्योतने कोपऱ्यात झुकून पाऊल टाकलं आणि तो परत फिरला. ते पाऊल ज्या बाजूला पडलं, त्या बाजूला काळूराम होते.

"देणार, देणार, पुतण्या हाय," पन्नास माणसं तरी एकदम म्हणाली असतील.

मी काळूरामांच्या हाताकडे बघत होते. तो लगेच वर गेला नाही, एक क्षण गेला. मग अंगठा वर झाला. गुण प्रज्योतला.

घरचा पंच, विकलेला पंच, काय काय ऐकू आलं. पाण्याची एक बाटली त्यांच्या पायाशी येऊन पडली. त्यांनी ती पायाने मैदानाबाहेर सारली आणि पुढच्या चढाईसाठी वाकले.

तीन मिनिटांनी प्रज्योत पुन्हा गेला. पळताना कोणालाही न शिवता त्याचं पाऊल कडेच्या राखीव पट्ट्यात पडलं. नियमाने बाद. काळूरामांनी बाद दिलं. आता आमची माणसं उठली. बाबाजी, जे मघाशी टाळ्या वाजवत होते, ते म्हणाले, "बघितलंत? मी बोललो होतो."

आम्ही तीन गुणांनी हरलो. गुणपत्रकावर सह्या करायला दोन्ही कर्णधार टेबलाशी आले. मैदानाच्या एका बाजूने वेळखारचे आणि दुसऱ्या बाजूने आमचे, असे सगळे काळूरामांच्या नावाने बोलत होते.

"ते पाऊल रेषेपलीकडं किती होतं, काका?" दादूने सही करता करता विचारलं.

"चार बोटं."

"मना दोन वाटली," दादू म्हणाला आणि पेन प्रज्योतकडे दिलं.

प्रज्योतने सही केली नाही, आधी चुलत्याकडे बघितलं. "आणि मना बाद दिलास तेव्हा पाय खरंच पट्ट्यात होता?"

"होता."

"ठाऊक हाय," प्रज्योत म्हणाला. "इचारून बघितलं."

त्याने सही केली. काळूरामांची टेप आणि पिशवी टेबलावरच होती, ती उचलून तो गाडीकडे चालू लागला.